बदनाम वसाहती बांधल्या जातात

धारावीच्या पुनर्विकासात जी कुटुंबं अपात्र ठरतील, त्यांच्यासाठी देवनारच्या कचराभूमीतली सुमारे १२४ एकर जागा द्यायचं राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवलं. त्याच सुमारास मिठागरांची २५५ एकर जमीनही याच कामी मंजूर झाली. या निर्णयांवर बरंच लिहून आलं. जमिनीचे भाव, उद्योगसमूहाचा फायदा, खारफुटी, मिठागरं, सगळ्यावर. जी माणसं तिथे नेऊन ठेवली जाणार आहेत त्यांचं पुढच्या वीस वर्षांत काय होईल, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. मला त्यावरच बोलायचं आहे. त्याच कचराभूमीच्या परिसरात, मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये मी वाढले. आजही माझं घर तिथेच आहे.

लल्लूभाई कंपाउंड हे नाव बहुतेक मुंबईकरांच्या कानावर पडतं ते गुन्ह्याच्या बातमीतून. नटवर पारेख कंपाउंड, वाशी नाका यांचंही तसंच. या साऱ्या पुनर्वसन वसाहती. रस्ता, रेल्वे, नाला, जलवाहिनी अशा कुठल्या ना कुठल्या कामासाठी ज्यांच्या झोपड्या पाडल्या त्यांना सरकारने इथे घरं दिली. सरकारदरबारी आम्ही प्रकल्पबाधित, रोजच्या बोलण्यात पीएपी. आमच्याबद्दल शहराचं मत ठरलेलं आहे: पक्क्या इमारती दिल्या, पण माणसं काही सुधारली नाहीत, त्यांनी इमारतींचीही झोपडपट्टी केली.

हे मत चुकीचं आहे, आणि ते चुकीचं का आहे हे सविस्तर सांगणं आता तातडीचं झालं आहे. जागा निवडताना, दोन इमारतींमधलं अंतर ठरवताना आणि देखभालीची जबाबदारी झटकताना या वसाहतींची दुर्दशा आधीच ठरून गेलेली असते. पुढे वाईट नाव पडलं की तेच नाव सांगून आणखी काही न देण्याची सोय होते. देवनारला नेमकं हेच पुन्हा होऊ घातलं आहे.

आम्ही इथे कसे आलो ते आधी सांगते. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प, म्हणजे एमयूटीपी, जागतिक बँकेच्या कर्जातून २००२ मध्ये मंजूर झाला. रेल्वेरुळांलगत आणि नव्या रस्त्यांच्या आड येणाऱ्या वस्त्या हटवायच्या होत्या. वीस हजारांच्या घरात कुटुंबं होती ती. रुळांना खेटून घरं असल्यामुळे लोकलला तिथे वेग आवरावा लागायचा. घरं हलली, गाड्यांचा वेग वाढला, रोज लाखो लोकांचा वेळ वाचला. आमचं घरही त्यात गेलं. बदल्यात २२५ चौरस फुटांची एक खोली मिळाली, आत संडास-बाथरूम असलेली. माझ्या आईला त्या बंद दाराच्या संडासाचं किती अप्रूप होतं हे मी लपवणार नाही. रुळांच्या कडेला पहाटे अंधारात उठून जाणाऱ्या बाईला त्याचं मोल विचारा.

पण ही घरं मानखुर्द-गोवंडीतच का, दादरला किंवा अंधेरीला का नाहीत? याचं उत्तर टीडीआरच्या हिशेबात आहे. बिल्डरने स्वतःच्या जमिनीवर पुनर्वसनाची घरं बांधून पुनर्वसन करणाऱ्या प्राधिकरणाला, म्हणजे एमएमआरडीएला, फुकट द्यायची आणि मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करायचा हक्क, घ्यायचा. तो हक्क उपनगरांत त्या भूखंडाच्या उत्तरेला कुठेही वापरता यायचा, विकताही यायचा. म्हणजे जमीन स्वस्त असेल तिथे आमची घरं बांधायची आणि त्यातून मिळालेलं बांधकाम जिथे फुटाला भाव आहे तिथे चढवायचं. सरकारचा पैसा लागत नाही, बिल्डरला नफा होतो, प्रकल्पाची वाट मोकळी होते. या व्यवहारात जमीन जितकी वाईट तितका फायदा मोठा. आणि मुंबईत वाईट जमीन म्हटली की पालिकेचा एम पूर्व विभाग, ज्यात मानखुर्द-गोवंडी-देवनार येतं, आणि त्याला लागून असलेला एम पश्चिम विभाग. १९२७ पासूनची कचराभूमी इथे, कत्तलखाना इथे, तेलशुद्धीकरण कारखाने आणि खतकारखाना शेजारी. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्वचा निर्देशांक, शून्य ते एक या मापावर, ०.०५ होता, शहरातला सर्वांत खालचा. शहराच्या सर्वांत मागे पडलेल्या तुकड्यात शहराने आपली सर्वांत गरजू कुटुंबं हजारोंनी आणून ओतली. तिथल्या शाळा, दवाखाने, बसगाड्या, पोलीस ठाणी त्या प्रमाणात वाढवली नाहीत.

हे तेव्हा कुणाला कळलं नव्हतं असंही नाही. २००४ मध्ये प्रकल्पबाधित रहिवासी आणि दुकानदारांनी जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रारी नेल्या. रोजगार तुटणं, पाणी, कचरा, येण्याजाण्याची सोय, हेच विषय होते. पॅनेलच्या अहवालाने त्यातल्या बऱ्याच तक्रारी रास्त ठरवल्या. मार्च २००६ मध्ये बँकेने प्रकल्पाच्या रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा पैसा थांबवला, जूनमध्ये सुधारणांच्या आश्वासनांवर तो पुन्हा सुरू केला. आजार काय आहे ते वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे.

आता इमारतींकडे वळते, कारण मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. यांतल्या बऱ्याच वसाहतींत सात-आठ मजल्यांच्या दोन इमारतींमधलं अंतर तीन मीटर आहे. समोरच्या घरातला टीव्ही कुठल्या मालिकेवर आहे ते आपल्या खिडकीतून दिसतं. तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर भरदुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. पावसाळ्यात चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते, लहान मुलांचा खोकला जून ते ऑक्टोबर थांबत नाही. वारा आला तरी खालच्या कचऱ्याचा वास घेऊन येतो, म्हणून खिडकी बंद. त्यामुळे खोलीतली हवा खोलीतच राहते, आणि त्या खोलीत सहा-सात माणसं झोपतात.

२०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींत घरोघरी जाऊन तो केला होता. पहिल्या दोन वसाहतींत साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षयरोगाचा रुग्ण होता. पीएमजी कॉलनीत हे प्रमाण शंभरात एखाद्या घरापुरतं होतं. विभाग एकच, दवाखाने तेच, माणसं साधारण त्याच परिस्थितीतली. पीएमजीत इमारतींमध्ये मोकळी जागा होती, उजेड आणि वारा घरात येत होता. खालच्या मजल्यांवर, जिथे उजेड सर्वांत कमी, तिथे आजार जास्त होता. आमच्या सवयींवर बोलणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास एकदा तरी वाचावा अशी माझी विनंती आहे. माणसं तशीच ठेवून फक्त इमारतींची रचना वेगळी असली तर काय होतं, याचा एवढा स्पष्ट दाखला क्वचित मिळतो.

आणि उजेडाचं हे शास्त्र मुंबईला नवीन नव्हतं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो याच प्रश्नासाठी. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या खोल्या रोग पसरवतात हे तेव्हाच्या सरकारने ओळखलं होतं. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० च्या दशकात साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खिडकीच्या पायथ्यापासून जमिनीशी तेवढा कोन करून रेघ वर नेली तर ती समोरच्या इमारतीला न अडता मोकळ्या आकाशात जायला हवी. सोप्या हिशेबात, इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त असू नये. सात मजल्यांची इमारत एकवीस मीटर धरा. समोर साडेदहा मीटर जागा हवी. आमच्याकडे तीन आहे. परक्या सरकारच्या काळात मजुराच्या खोलीसाठी एवढा तरी उजेड हवाच असं म्हणणारा अधिकारी होता. स्वतंत्र देशातल्या महाराष्ट्राच्या विकास नियंत्रण नियमावलीने पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेत सवलत दिली. सवलत बिल्डरला, किंमत आमच्या फुफ्फुसांना. एवढंच नाही, दर हेक्टरी किमान किती घरं झालीच पाहिजेत हे याच नियमांत आहे: आधी ५००, नंतर ६५०. दाटी जास्त होऊ नये म्हणून वरची मर्यादा घालतात. इथे दाटी कमी होऊ नये म्हणून खालची मर्यादा घातली आहे.

मग देखभाल. घर ताब्यात देताना सोसायटीच्या नावे घरामागे काही रक्कम ठेवली जाते, तिच्या व्याजातून खर्च भागावा म्हणून. सुरुवातीच्या नियमात ती २० हजार रुपये होती. आठ टक्के व्याज धरलं तरी वर्षाला सोळाशे, म्हणजे महिन्याला सव्वाशे-दीडशे रुपये. त्यात लिफ्टचं बिल, पंपाचं बिल, पाणीपट्टी, जिन्यातले दिवे, टाकी धुणं, ड्रेनेज तुंबलं की माणूस बोलावणं. रुळाकडेला विजेचं बिल वेगळ्या पद्धतीने भरणाऱ्या, हातावर पोट असलेल्या कुटुंबांना एका दिवसात सहकारी गृहनिर्माण सोसायटीचे सभासद करून टाकलं, चेअरमन-सेक्रेटरी नेमायला सांगितलं आणि सरकार निघून गेलं. मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांच्या निवासस्थानांची लिफ्ट बंद पडली तर सार्वजनिक बांधकाम खात्याचा माणूस येतो. त्या अधिकाऱ्यांना कुणी सांगत नाही की मजल्यावर वर्गणी काढा.

आमच्या इमारतीची लिफ्ट चालू असण्यापेक्षा बंद असण्याचे दिवस जास्त. बिल थकलं की पुरवठा तुटतो; पुरवठा सुरू झाला तर मोटर गेलेली असते; मोटर भरून आणली तर दाराचा सेन्सर कुणी काढून नेलेला असतो. सहाव्या मजल्यावर एक आजी आहेत. गुडघ्यांनी त्यांची साथ सोडली तेव्हापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. खिडकीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी त्या खाली सोडतात, आत पैसे आणि चिठ्ठी. भाजीवाला पिशवीत मेथी, टोमॅटो, उरलेली चिल्लर टाकतो आणि दोरीला हिसका देतो. त्या वर ओढून घेतात. दवाखान्यात न्यायचं झालं की दोन पोरं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना उतरवतात. याच इमारतीतली पोरं ती, ज्यांच्याबद्दल बाहेर म्हणतात की त्यांच्यापासून लांब राहा.

कचऱ्याचंही असंच. खिडकीतून कचरा टाकतात हे खरं आहे आणि ते चूक आहे. मी स्वतः त्यावरून शेजाऱ्यांशी भांडले आहे. पण सहा मजले जिना उतरून, वसाहतीच्या टोकाला असलेल्या, बहुतेक वेळा ओसंडून वाहणाऱ्या कचराकुंडीपर्यंत जायचं आणि पुन्हा चढायचं, हे दिवसातून दोनदा साठीच्या बाईने करावं अशी अपेक्षा ज्या व्यवस्थेत आहे, तिथे दोन इमारतींमधली घरगल्ली भरणारच. एकदा भरली की सफाई कामगाराला त्या तीन मीटरच्या फटीत शिरता येत नाही. वरून काय पडेल याची त्याला भीती असते, आणि ती रास्त आहे. मग गल्ली साफ होत नाही, उंदीर होतात, खालचे लोक खिडक्यांना पत्रा ठोकतात, उरलासुरला उजेडही जातो. यातली कुठली पायरी नुसत्या शिस्तीने सुटेल हे मला कुणी दाखवून द्यावं.

गुन्हेगारी नाही असं मी म्हणणार नाही. गर्दुल्ले आहेत. बटन म्हणजे नशेच्या गोळ्या, एमडी असे अमली पदार्थ, सगळं मिळतं, शाळा सुटायच्या वेळेला मिळतं. आईबाप मुलींना सातनंतर एकटं पाठवत नाहीत. याचा सर्वांत जास्त त्रास आम्हालाच होतो, बातमी वाचणाऱ्याला होत नाही. पण ही विक्री कुठे चालते ते बघा. वाटप न झालेल्या, कुलूप तुटलेल्या खोल्यांत. दिवा नसलेल्या जिन्यात. बंद लिफ्टच्या कोनाड्यात. ज्यांची मालकी सरकारकडे आहे त्या रिकाम्या खोल्या वर्षानुवर्षं तशाच ठेवायच्या आणि त्यात काय चालतं म्हणून वसाहतीला नावं ठेवायची, हा कुठला न्याय? शिवाय वेगवेगळ्या वस्त्यांतली कुटुंबं इमारतींमध्ये विखुरली गेली. जुन्या वस्तीत कुणाचा मुलगा वाईट संगतीला लागला तर चार घरं सोडून राहणारी काकू त्याच्या आईला सांगायची. इथे समोरच्या दारातलं कुटुंब कुठून आलं हे कळायलाच वर्ष गेलं. बायकांची धुणीभांडी, पोळ्या करण्याची कामं जुन्या घराजवळ होती. ती अंतरामुळे सुटली. पुरुषांचे मजुरीचे नाके बदलले. घरात दिवसभर माणूस नाही, हाताला धड काम नाही, आणि खाली अंगणात विकणारा उभा आहे.

या सगळ्यावर कडी करतो तो पत्ता. आमच्याकडची मुलं कॉलेजात, मुलाखतीत सांगतात की आम्ही चेंबूरला राहतो. लग्नाच्या बोलण्यात तर सर्रास. माझ्या भावाची नोकरी कायम, पगार बँकेत जमा होणारा, एकही हप्ता कधी चुकलेला नाही. दुचाकीसाठी कर्ज मागायला गेला तेव्हा कागद बघून झाल्यावर त्या माणसाने पिनकोड पाहिला आणि म्हणाला, "निगेटिव्ह एरिया आहे, फाइल पुढे जाणार नाही." लेखी काही दिलं नाही. कर्ज देणाऱ्यांच्या याद्यांत असे विभाग असतात हे त्या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो. त्या याद्या कुणी बघितलेल्या नसतात, त्यांना आव्हान देता येत नाही, त्यांतून नाव कधी निघतं तेही कळत नाही. मग तो खाजगी सावकाराकडे गेला आणि कितीतरी जास्त व्याज भरून गाडी घेतली. रात्री कामावरून येताना पोलिसांनी अडवलं आणि पत्ता सांगितला की प्रश्नांचा सूर बदलतो, हा अनुभव इथल्या प्रत्येक तरुणाचा आहे. बदनामीमुळे नुसतं मन दुखत नाही. तिच्यामुळे कर्ज महाग होतं, नोकरी लांब जाते, रिक्षावाला आत यायला नकार देतो. प्रामाणिकपणे चालणाऱ्याची वाट ती जास्त अडवते आणि वाममार्गाची तुलनेने सोपी करते.

"पण घर फुकट मिळालंय ना?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे की त्याला इथेच उत्तर देते. घर फुकट मिळालेलं नाही. आमच्या पायाखालची जागा शहराला हवी होती. तिच्यावर आज रूळ आणि रस्ते आहेत, आणि त्यांचा फायदा सगळं शहर घेतं. बिल्डरला आमच्या घरांच्या बदल्यात जो टीडीआर मिळाला त्यातून उपनगरांत मजले चढले, त्या मजल्यांत राहणाऱ्यांच्या घराच्या किमतीत आमचाही वाटा आहे. आणि समजा क्षणभर मानलं की फुकट मिळालं. म्हणून त्यात उजेड नसावा? क्षयरोग व्हावा?

मुलुंड पूर्वेला प्रकल्पबाधितांसाठी सात हजारांहून जास्त घरांची योजना आली तेव्हा तिथल्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला. त्या विरोधात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या. एकाच ठिकाणी एवढी घरं आणली तर पाणी, गटारं, रस्ते पुरणार नाहीत, हे म्हणणं मला पटतं. किंबहुना आम्ही वीस वर्षं तेच म्हणत आलो. दुसरी गोष्ट दबक्या आवाजात बोलली गेली, की ही माणसं आली की विभाग बिघडेल. त्या बोलण्याला पुरावा म्हणून आमच्याच वसाहतींची नावं दिली गेली. जी वस्ती शहराने वाईट बांधली, तिचंच उदाहरण देऊन आणखी हजारो कुटुंबांना चांगल्या विभागात येऊ द्यायचं नाही, आणि मग ती कुटुंबं पुन्हा मानखुर्द-देवनारला पाठवायची. हे चक्र तोडायचं तर प्रत्येक विभागात थोडी-थोडी घरं, दोनशे-तीनशे, त्या-त्या भागातल्या प्रकल्पबाधितांसाठी, हाच मार्ग आहे. मुलाची शाळा सुटणार नाही, आईचं काम सुटणार नाही, आणि कुठल्याही एका पत्त्यावर शिक्का बसणार नाही.

चेंबूरजवळच्या माहुलचं काय झालं तेही आठवायला हवं. तानसा जलवाहिनीलगतची हजारो कुटुंबं २०१७ पासून तिथे हलवली. तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या अगदी शेजारी. तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये, म्हणजे त्याआधीच, नोंदवलं होतं. तरी नेलं. त्वचारोग, दमा, खोकला यांनी हैराण झालेली माणसं विद्याविहारच्या फुटपाथवर कित्येक महिने बसून राहिली. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. पुढे २०२५ मध्ये माहुलची रिकामी घरं पालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांना विकायला काढली. मुंबईत या भावात घर स्वप्नात मिळत नाही. तरी कर्मचाऱ्यांनी पाठ फिरवली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण जे घर पालिकेचा कारकून नाकारू शकतो, ते पाइपलाइनवरच्या कुटुंबाला का नाकारता आलं नाही?

सरकारने बांधलेली घरं म्हणजे असंच होणार, असं मानायला या शहराचा इतिहास तयार नाही. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले. वरळीच्या सरकारी बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या तेव्हा कितीतरी खोल्या ओस होत्या. लोकांना ती जागा लांब वाटायची. १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास. दलित पँथर आणि शिवसैनिक यांच्यातली १९७४ ची दंगलही तिथेच झाली. पण गिरण्या चालत जाण्याच्या अंतरावर होत्या, चाळींमध्ये मोकळी मैदानं होती, आणि मालक म्हणून सरकार जागेवर राहिलं. दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम खातं करायचं. त्या मैदानांत व्यायामशाळा, भजनी मंडळं, आंबेडकरी चळवळीच्या सभा, कबड्डीचे संघ उभे राहिले. आज तिथल्या रहिवाशांना त्याच जागेवर ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत आणि बीडीडीत वाढलो असं लोक छातीठोकपणे सांगतात. माणसं तीच कष्टकरी, आमच्यासारखीच. मैदान, काम आणि जबाबदार मालक एवढं मिळालं की त्यांनी बाकीचं स्वतः उभं केलं.

तसं आमच्याकडेही घडतं, फक्त फार अडचणीतून. नटवर पारेख कंपाउंडमध्ये रहिवाशांनी काही वास्तुरचनाकारांना सोबत घेऊन घरगल्ल्या साफ केल्या, भिंती रंगवल्या, मुलांसाठी वाचनालय उघडलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे गोवंडी कला महोत्सव झाला. मुलांनी बांबू-कागदाचे कंदील केले, त्यांची मिरवणूक निघाली, पोरांनी स्वतः लिहिलेलं रॅप म्हटलं. बाहेरचे पुष्कळ जण त्या दिवसांत पहिल्यांदा आत आले. मला त्याचा फार अभिमान आहे. पण रंगवलेल्या भिंतीमुळे दोन इमारतींमधलं अंतर वाढत नाही, आणि रहिवाशांच्या उत्साहाकडे बोट दाखवून प्राधिकरणाने आपली कामं टाळू नयेत.

म्हणून धारावीकरांना काही सांगायचं आहे. तुमच्या याद्या अजून पक्क्या होत आहेत. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या घरांना धारावीतच ३५० चौरस फूट. त्यानंतरच्यांना आणि वरच्या मजल्यावरच्यांना धारावीबाहेर. सगळी झुंज सध्या पात्रतेसाठी चालली आहे आणि ते समजण्यासारखं आहे. पण बाहेर जावं लागलं तर काय मिळणार, हे आता, सही करण्याआधी लेखी मागा. देवनारला १८५ लाख टन कचऱ्याचा डोंगर आहे. तो पूर्ण उचलून, जमिनीची आणि हवेची तपासणी होऊन, तिचे निकाल मराठीत आणि हिंदीत लावल्याशिवाय एकाही कुटुंबाने तिकडे जाऊ नये. दोन इमारतींमध्ये किती मीटर अंतर असेल ते नकाशावर आकड्यात लिहून घ्या. तळमजल्याच्या खिडकीत डिसेंबरच्या दुपारी ऊन येईल का, हे वास्तुरचनाकाराला तोंडावर विचारा. लिफ्ट आणि पंप निदान तीस वर्षं कोण चालवणार, त्या खात्याचं नाव करारात घाला. सोसायटी करू, व्याजातून भागेल, असं कुणी म्हणालं तर वर दिलेला सोळाशे रुपयांचा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. शेजारी एकत्र राहतील अशी वाटणी मागा, सोडत नको. चामड्याचं, मातीचं, शिवणाचं काम करणाऱ्यांनी गाळा कुठे मिळेल हे विचारा, कारण घर मिळालं आणि धंदा गेला की भाडं देऊन पुन्हा धारावीच्याच आसपास खोली घ्यावी लागते. ताबा देण्याच्या दिवशी शाळा उघडलेली, दवाखान्यात डॉक्टर बसलेला आणि बेस्टची बस सुरू झालेली असली पाहिजे. नंतर करू हे उत्तर आम्ही ऐकलं होतं. आणि या मागण्या एकेकट्या कुटुंबाने नेऊ नका. आम्ही एकेकटे गेलो होतो.